घाटात मिसिंग, गॅरेजात ठणठणीत

धारूरचा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की गाडी दोन-तीन झटके मारते आणि पुन्हा सरळ होते. सपाटीला काहीच नाही. अंबाजोगाईला आणून गॅरेजात उभी केली, बॉनेट उघडून रेस दिली, तर इंजिन एका लयीत चालते. मालक म्हणतो, ‘मिस्त्री, चढाला लागली की दमच धरीना बघा.’ मिस्त्री म्हणतो, ‘दादा, आत्ता तर ठणठणीत आहे. काय खोलू?’

ताकद वाढवून घेतलेल्या गाडीचे मिसिंग बहुतेक वेळा असेच असते. ते पाहिजे तेव्हा दिसत नाही, म्हणून अंदाजाने पार्ट बदलले जातात. आधी चार प्लग, मग कॉइल, मग नोझल, मग पेट्रोल पंप. पुण्याच्या नाना पेठेतून पार्सल येत राहते, ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरला फोन होत राहतात, वीस-पंचवीस हजार जातात आणि घाटातला झटका जागच्या जागी राहतो. हा खर्च टाळता येतो. त्यासाठी ‘काय बिघडले’ या प्रश्नाच्या आधी ‘कधी बिघडते’ हे नीट विचारावे लागते.

उदाहरणादाखल एकच गाडी डोळ्यांसमोर ठेवू: स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. बीडहून महामार्गाने दोन-अडीच तासांवर असलेल्या शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत २००१ पासून ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली आणि २००४च्या सुमारास तिची ही टर्बो आवृत्ती भारतात आली. १७८१ सीसी, चार सिलिंडर, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, १५० पीएस ताकद. आज या गाड्यांनी विशी गाठली आहे. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडून त्या आवाक्यातल्या किमतीत मिळतात आणि संगणकातला प्रोग्राम बदलला, म्हणजे रेमॅप केला, की दोनशे पीएसच्या आसपास जातात. हौशी तरुणांचा जीव त्यांच्यावर जडतो तो यामुळेच. मात्र वीस वर्षांचे रबर, वीस वर्षांची वायरिंग आणि मूळ हिशेबापेक्षा जास्त दाब एकत्र आले की मिसिंगला वाव मिळतो.

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरने आपली पाळी चुकवणे. या इंजिनाची फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. मिनिटाला ३००० फेरे पडत असताना प्रत्येक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा पेटतो आणि चारही मिळून १०० वेळा. त्यातला एखादाच धमाका चुकला तर पायाला हलकी कळ जाणवते. लागोपाठ पाच-सहा चुकले की गाडी झटका मारते. धमाका होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: पुरेशी जोरदार ठिणगी, बरोबर प्रमाणात हवा आणि पेट्रोल, आणि ते मिश्रण दाबून धरणारे घट्ट सिलिंडर. तिन्हींपैकी एक कमी पडली की पाळी चुकते. निदानाचे सगळे काम या तिघींतली कोणती कमी पडली हे ठरवण्याचे आहे.

गाडीचा संगणक हे कसे ओळखतो, ते पाहण्यासारखे आहे. क्रँकशाफ्टवर एक दातेरी चक्र असते. साठ दात्यांची जागा, त्यातले दोन गाळलेले, म्हणून उरले ५८. समोरचा सेन्सर प्रत्येक दाता पुढून जायला किती वेळ लागला ते मोजतो. ३००० फेऱ्यांवर एका दात्याला सेकंदाचा सुमारे तीन हजारावा भाग लागतो. सिलिंडर पेटला की क्रँकला रेटा मिळतो. पेटला नाही की त्या अर्ध्या फेऱ्यात क्रँक किंचित मागे राहतो, जोडीतल्या एका बैलाने जू ढिले सोडल्यावर गाडीला जो हिसका बसतो तसा. हा फरक संगणक मोजतो, कोणाची पाळी होती ते बघतो आणि त्या सिलिंडरच्या नावावर चूक मांडतो. पुढे स्कॅनर लावल्यावर पी०३०२ असा कोड दिसतो: शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे दोन नंबर. पी०३०० आला तर चुका एकाच सिलिंडरच्या नाहीत, विखुरलेल्या आहेत.

या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती बीडच्या रस्त्यांवर लगेच जाणवते. खड्ड्यात चाक आदळले की धक्का गिअरबॉक्समधून क्रँकपर्यंत पोहोचतो आणि संगणकाला तो चुकलेल्या पाळीसारखा दिसू शकतो. म्हणून अनेक गाड्यांत चाकांच्या सेन्सरवरून रस्ता खडबडीत आहे का हे तपासून तेवढ्यापुरती मोजणी थांबवली जाते. हलके फ्लायव्हील बसवलेल्या गाडीतही असे खोटे मिसिंग नोंदले जाते. फ्लायव्हीलचे वजन कमी झाले की क्रँकचा वेग मुळातच जास्त खालीवर होतो. म्हणजे आलेला कोड आधी पारखून घ्यायचा. झटका माणसालाही जाणवतो का, एक्झॉस्टचा आवाज तुटतो का, हे पाहिल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

ओबीडी-२, म्हणजे स्वतःचे दोष स्वतः नोंदवणारी व्यवस्था, असलेल्या गाडीत चेक इंजिनचा दिवा नुसता पेटला तर वेळ आहे. तो उघडझाप करू लागला तर पाय लगेच काढावा. न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळवते. संगणक इंजिनाच्या दर २०० फेऱ्यांमधल्या चुका मोजून हा इशारा देत असतो. त्याकडे दुर्लक्ष करून बीडपर्यंत गाडी हाणली तर कॉइलच्या खर्चात कन्व्हर्टरचाही खर्च मिळतो.

कोड हातात आला तरी तो ‘कुठे’ एवढेच सांगतो. ‘का’ हे शोधण्यासाठी पहिले साधन स्कॅनर नाही, वही आहे. गाडीत मूळचे काय बदलले, कधी बदलले आणि झटके केव्हा सुरू झाले? रेमॅप कोणी केला, मूळ फाइल कोणाकडे आहे? इंटरकूलर, डाउनपाइप, एअर फिल्टर, प्लग यांतले काय बदलले? मिसिंग रेमॅपच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झाले असेल तर वाट वेगळी, आणि आठ महिने सुरळीत चालून मे महिन्यात सुरू झाले असेल तर वेगळी.

ही माहिती मिळतच नाही, आणि त्याचे एक कारण कायद्यात आहे. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा ठरेल असा फेरफार गाडीत करता येत नाही आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे बीडची एमएच-२३ असो की अंबाजोगाईची एमएच-४४, गाडी विकणारा रेमॅपबद्दल तोंड उघडत नाही, घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि मिस्त्री मूळ गाडीच्या हिशेबाने निदान करत बसतो. कायदा काय म्हणतो हे मालकाने आधीच समजून घ्यावे. पण गाडी मिस्त्रीच्या ताब्यात देताना त्याच्यापासून बदल लपवणे म्हणजे आपलेच पैसे आगीत टाकणे आहे.

ऑक्टाव्हियात बॉशचा एमई-७ जातीचा संगणक असतो. व्हीसीडीएससारखे सॉफ्टवेअर आणि केबल जोडली की मेजरिंग ब्लॉक १५ आणि १६ मध्ये चारही सिलिंडरांची मोजणी चालत्या गाडीत दिसते. मागे एक माणूस लॅपटॉप घेऊन बसवायचा, घाट चढायचा आणि आकडा कोणत्या सिलिंडरसमोर, किती फेऱ्यांवर, किती बूस्टवर, म्हणजे टर्बोच्या जादा दाबावर, वाढतो ते टिपायचे. एवढ्या एका फेरीने निम्मे काम होते. चालवणाऱ्याने लॅपटॉपकडे बघायचे नाही, हे वेगळे सांगायला नको, पण धारूरच्या वळणांवर ते सांगावेसे वाटते.

याच फेरीत दुसरी एक गल्लत सुटते. बूस्ट ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की संगणक स्वतःच ताकद तोडतो. तेव्हा गाडी भिंतीला टेकल्यासारखी एकदम मरते आणि बहुधा पी०२३४ हा जादा बूस्टचा कोड सोडून जाते. मिसिंगमध्ये गाडी मरत नाही, अडखळते. हे दोन अनुभव वेगळे आहेत आणि मालकाला दोन्हींसाठी ‘झटका’ हा एकच शब्द सुचतो.

समजा टिपण असे आले: दोन नंबरचा सिलिंडर, फक्त जास्त बूस्टवर, ३००० फेऱ्यांच्या पुढे. पहिला संशय ठिणगीवर घ्यायचा. कारण भौतिकशास्त्रात आहे. फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९मध्ये दाखवून दिले की दोन टोकांमध्ये ठिणगी पडायला लागणारा व्होल्टेज वायूचा दाब आणि टोकांतले अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. आता हिशेब करा. मूळ गाडीत बूस्ट अर्ध्या बारच्या आसपास, म्हणजे वातावरणाचा एक बार धरून आत दीड बार. रेमॅपनंतर बूस्ट एक बार, म्हणजे आत दोन बार. प्लगच्या टोकापाशी दाब एक तृतीयांशाने वाढला. प्लगचे अंतर ०.८ मिलिमीटरच ठेवले तर कॉइलला तेवढाच जास्त व्होल्टेज काढावा लागेल. अंतर ०.६ केले तर ०.६ गुणिले २ आणि ०.८ गुणिले १.५ दोन्हींचे उत्तर १.२ येते, कॉइलवरचा भार मूळ पातळीवर परत येतो. खरा इंजिनातला हिशेब तापमान आणि मिश्रणामुळे याहून गुंतागुंतीचा असतो, पण दिशा हीच. म्हणूनच टर्बो गाडी रेमॅप केल्यावर जाणकार ट्यूनर सर्वांत आधी प्लगचे अंतर कमी करतात. फिलर गेजची ती एक पाती, पाच मिनिटांचे काम, आणि कित्येक गाड्यांचे घाटातले मिसिंग तिथेच संपते.

व्होल्टेज कमी पडतो तेव्हा ठिणगी नाहीशी होत नाही, ती दुसरा रस्ता शोधते. काढलेला प्लग उजेडात धरून पांढऱ्या चिनी मातीवर बघावे. वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी एक बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता बाहेरून, रबरी बुटाच्या आतून इंजिनाच्या धातूकडे गेलेली आहे. एकदा ही कार्बनची वाट पडली की ती मोडत नाही. प्लग बदलला आणि बूट तोच ठेवला तर नव्या प्लगवरही आठवड्यात तशीच रेघ उमटते. दोन्ही एकदम बदलावे लागतात.

प्लग निवडताना आणखी एक फसगत होते. ताकद वाढवलेल्या इंजिनाला एक पायरी थंड प्लग लागतो, म्हणजे उष्णता लवकर वाहून नेणारा. एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशचा हिशेब नेमका उलटा, आकडा मोठा तर प्लग गरम. बॉशची भारतीय कंपनी मायको १९५१ मध्ये बंगळूरला सुरू झाली आणि जुन्या मिस्त्रींचे हात मायकोच्या प्लगवरच घडले. तो सरावाचा आकडा एनजीकेच्या खोक्यावर शोधला की उलटाच प्लग हाती येतो.

नंतर कॉइल. या इंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते आणि ती दुबळी निघाल्याचा इतिहास मोठा आहे. २००३ मध्ये फोक्सवॅगनला अमेरिकेत २००१ ते २००३ मॉडेलच्या लाखो गाड्यांच्या कॉइल बदलून देण्याची मोहीम काढावी लागली. हेच १.८ टर्बो इंजिन त्यात होते. कॉइल मल्टिमीटरवर थंड असताना बरोबर दाखवते आणि तापल्यावर आतल्या तारेचे इन्सुलेशन फुटते. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात घाट चढून आलेल्या गाडीच्या बॉनेटखाली तिची खरी परीक्षा होते. म्हणून मीटरपेक्षा अदलाबदल बरी: दोन नंबरची कॉइल चारवर, चारची दोनवर, बाकी काहीही हलवायचे नाही, आणि पुन्हा तोच चढ. मिसिंग चारवर सरकले तर कॉइल दोषी. दोनवरच राहिले तर कॉइल सुटली. आता प्लगची अदलाबदल, मग नोझलची. प्रत्येक वेळी एकच वस्तू. यात पेट्रोल जाते आणि वेळ जातो, पण एकही पार्ट विकत घ्यावा लागत नाही, आणि हाती आलेले उत्तर पक्के असते.

सीएनजी किट बसवलेल्या साध्या गाडीतही हे तर्कशास्त्र कामी येते. गॅसवर मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतो. ‘पेट्रोलवर बरी चालते, गॅसवर मिसिंग करते’ अशी तक्रार आली की किट खोलण्याआधी प्लग, बूट आणि कॉइल बघावी.

आता हवा. इथे या गाडीचे सर्वांत फसवे दुखणे लपलेले असते. एअर फिल्टरमागचा मास एअरफ्लो सेन्सर आत जाणारी हवा मोजतो आणि त्या मोजमापावर संगणक पेट्रोल सोडतो. सेन्सर आणि इंजिन यांच्यामध्ये नळीला भोक पडले की हिशेब बिघडतो, पण कसा बिघडतो हे भोक कुठे आहे आणि तिथे त्या क्षणी दाब आहे की ओढ यावर ठरते. इनटेक मॅनिफोल्डवरच्या नळीला चीर असेल तर आयडलवर आतली ओढ त्या चिरेतून न मोजलेली हवा घेते आणि मिश्रण पातळ होते. त्याच चिरेतून बूस्टवर मोजलेली हवा बाहेर फुटते. संगणक तिच्यासाठीही पेट्रोल सोडतो, म्हणून मिश्रण दाट होते, प्लग काळे पडतात. एकाच चिरेतून दोन उलट रोग. प्लग काळा बघून ‘पेट्रोल जास्त येतंय’ म्हणत नोझल बदलणारा इथे हमखास चुकतो.

ती चीर सहसा वरून दिसत नाही. मॅनिफोल्डच्या खाली, ऑइलच्या वाफेची जाड रबरी नळी जिथे वळते, तिथे रबर तेलाने मऊ, चिकट झालेले असते. वरून हात फिरवला तर चांगले लागते आणि बोट खालच्या बाजूला गेले की आत घुसते. नळी वाकवल्याशिवाय चिरेचे तोंड उघडत नाही. म्हणून धुराची चाचणी करतात: यंत्रातून हलक्या दाबाने धूर आत सोडायचा आणि तो कुठून येतो ते बॅटरीच्या उजेडात बघायचे. बूस्टच्या बाजूची नळी असेल तर थोडी हवा भरून साबणाचे पाणी मारले तरी फुगे दिसतात.

तरुणांना आवडणारा गिअर बदलतानाचा ‘फुस्स’ आवाजही याच खात्यात येतो. मूळ झडप टर्बोनंतरची जादा हवा परत सेन्सरमागे फिरवते. आवाजासाठी बसवलेली झडप ती बाहेर सोडते. ती हवा आधीच मोजली गेलेली असते. तिच्या वाट्याचे पेट्रोल आत येतेच. म्हणून गिअर बदलल्यावर क्षणभर मिश्रण दाट होते, पाळी चुकते आणि एक्झॉस्टमध्ये फटका वाजतो. हवा मोजण्याच्या पद्धतीवर चालणाऱ्या या गाडीत ती झडप काढून मूळची लावणे हाच उपाय आहे.

भोक आहे की पेट्रोल कमी पडते, हे ओळखायला ब्लॉक ३२ बघतात. त्यात संगणकाने शिकून घेतलेली पेट्रोलची दुरुस्ती दोन भागांत दिसते: एक आयडलची, एक चालत्या लोडची. आयडलचाच आकडा वर गेला असेल तर ओढीवर घुसणारी हवा शोधावी. लोडचा आकडा वर गेला असेल तर फिल्टर, पंप, घाण झालेला एअरफ्लो सेन्सर किंवा पेट्रोल स्वतः तपासावे.

पेट्रोलची गोष्ट बीड जिल्ह्यात थोडी थांबून सांगायला हवी. हा जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दर हंगामात इथली लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. त्यांनी तोडलेला ऊस कारखान्यात शिरतो, साखर आणि मळी होते, डिस्टिलरीत इथेनॉल होते आणि ते पेट्रोलमधून परत इथल्याच पंपावर येते. महाराष्ट्रात ५ टक्के मिश्रणाची सुरुवात २००३ मध्ये झाली, देशाने १० टक्क्यांचा टप्पा २०२२ मध्ये गाठला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. ऑक्टाव्हिया आरएस तयार झाली तेव्हा तिच्या हिशेबात हे २० टक्के नव्हते.

एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९ किलो पुरते. २० टक्के मिश्रणाचा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. याचा अर्थ तेवढ्याच हवेला आता अधिक इंधन सोडावे लागते, वजनाने ढोबळमानाने आठ-नऊ टक्के जास्त. मूळ गाडीत संगणक ही भर सहज घालतो. नोझल आणि पंपाकडे शिल्लक क्षमता असते. रेमॅप केलेल्या गाडीत ती शिल्लक ट्यूनरने आधीच ताकदीसाठी खर्च केलेली असते. नोझल ८५-९० टक्के वेळ उघडीच राहत असतील तर आणखी आठ-नऊ टक्के आणायचे कुठून? घाटात पूर्ण पाय दाबल्यावर मिश्रण पातळ होते आणि पाळ्या चुकू लागतात. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने ठोका कमी होतो, हा त्याचा खरा फायदा आहे. तो मिळवायचा तर रेमॅप या इंधनाच्या हिशेबाने पुन्हा करावा लागतो. पाच वर्षांपूर्वीची फाइल आजच्या पेट्रोलवर चालवणे ही मिसिंगची एक मोठी आणि फारशी न बोलली जाणारी वाट आहे.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे घरी बघता येते. मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीत ९० मिलिलिटर पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घेऊन हलवायचे आणि स्थिर होऊ द्यायचे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जाते. खालचा पाण्याचा थर १० वरून साधारण २८ पर्यंत वाढला तर ९० मध्ये १८ मिलिलिटर, म्हणजे २० टक्के. हे उघड्यावर, आगीपासून दूर, हातमोजे घालून करावे. हीच चाचणी दुसरी एक गोष्टही शिकवते: टाकीत पाणी शिरले तर इथेनॉल त्याच्याबरोबर तळाशी बसते. मालक पुण्यात नोकरीला आणि गाडी पावसाळाभर गावाकडे वाड्यात उभी, अशा गाडीचा पंप दिवाळीत पहिला घोट या तळातल्या थराचाच घेतो. इथे आधी टाकी रिकामी करायची, बाकीचे नंतर.

पंपाचा दाब उभ्या गाडीत बरोबर आणि लोडवर कमी असू शकतो. या इंजिनात रेलचा दाब ३ बारच्या आसपास असतो आणि रेग्युलेटरमुळे तो बूस्टबरोबर वाढायला हवा. गेज काचेवर बाहेरून टेप लावून आतून दिसेल असे बांधावे आणि चढावर बघावे. बूस्ट वाढताना काटा वर जाण्याऐवजी खाली आला तर फिल्टर किंवा पंप थकला आहे.

ठिणगी बरोबर, हवा बरोबर, पेट्रोल बरोबर, तरीही तोच सिलिंडर चुकतो आहे, तेव्हा कॉम्प्रेशन. कित्येक मिस्त्री हे आधीच करून घेतात आणि ते योग्य आहे, कारण ते बिघडले असेल तर बाकीचा खर्च वायाच. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, चारही सिलिंडरांचा दाब मोजायचा. एकटा आकडा फार सांगत नाही, चौघांतला फरक सांगतो. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले आणि दाब वाढला तर रिंगा झिजल्या; नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. दोन आणि तीन हे शेजारचे दोघेही सारखेच कमी आले तर त्यांच्यामधली हेड गॅस्केट उडाली असण्याची शक्यता मोठी. चारही कमी आले तर टायमिंग बेल्ट एखाद्या दात्याने सरकला का, ते बघावे.

नेमकी जागा सांगते ती लीक-डाउन चाचणी. सिलिंडर वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि ती कुठून पळते ते ऐकायचे. ऑइलच्या झाकणापाशी सूं ऐकू आली तर रिंगा. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. रेडिएटरच्या टाकीत बुडबुडे आले तर गॅस्केट. इथे मिस्त्रीचा कान कोणत्याही स्कॅनरपेक्षा मोठा ठरतो, आणि तो कान बीडच्या गॅरेजांत आजही आहे. ट्रॅक्टरच्या इंजिनांवर घडलेल्या माणसाला झडपेची गळती लांबून ओळखू येते. त्याला फक्त शांत जागा आणि वेळ द्यावा. व्हॉल्व्ह गळत असेल तर रेमॅप उतरवून मूळ फाइल टाकणे आणि हेड खोलणे याशिवाय मार्ग नाही. वाढीव बूस्टवर तशीच चालवली तर जळका व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडतो.

ताकद वाढवलेल्या डिझेल गाड्यांना, म्हणजे रेमॅप केलेल्या स्कॉर्पिओ, थार किंवा फॉर्च्युनरला, प्लग आणि कॉइलचा हा सगळा भाग लागू नाही. तिथे ठिणगीच नसते. संशय आधी इंजेक्टरवर. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या काढून त्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन ठरावीक वेळ चालवायचे आणि कोणत्या बाटलीत डिझेल जास्त साठले ते बघायचे. जास्त परत पाठवणारा इंजेक्टर आतून झिजलेला असतो. स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरला संगणक किती जादा डिझेल देऊन सांभाळतो आहे तेही दिसते. दोन्ही निष्कर्ष जुळले तरच इंजेक्टर काढावा. अनेक कॉमन रेल इंजेक्टरांवर अक्षरे-आकड्यांचा एक कोड छापलेला असतो, कारण कारखान्यातून निघालेला प्रत्येक इंजेक्टर बारीकसा वेगळा असतो आणि त्याचा हिशेब या कोडात असतो. नवा इंजेक्टर बसवून हा कोड संगणकात टाकला नाही तर गाडी सुरू होते, पण तो सिलिंडर खडखडत राहतो आणि मालकाला वाटते की नवा पार्टच खराब निघाला. इंजेक्टर एकदा बसवून वर पाइप आणि कव्हर आले की कोड वाचता येत नाही, म्हणून बसवण्याआधीच चारही कोडांचे, सिलिंडरच्या क्रमाने, मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत.